आवाज कुणाचा?

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या लेखांचे वाटप झाले तेव्हा जागेचा व्यवहार, नोंदणीसाठी मारलेले हेलपाटे, बोअरवेल, लिफ्ट, गणेशोत्सव हे सगळे चांगले विषय आधीच इतरांकडे गेले होते. माझ्या वाट्याला पार्किंग आले. आता पार्किंगचा काय इतिहास लिहायचा? सुरुवातीला अठ्ठावीस फ्लॅटमध्ये मिळून तीन चारचाकी होत्या, आज रंगवलेले पट्टे पुरत नाहीत, एवढ्यात विषय संपतो. पण लिहायला बसल्यावर लक्षात आले की आपल्या पार्किंगला आवाजाचाही एक इतिहास आहे आणि तो आपण सर्वांनी ऐकलेला आहे. काहींनी तर उशी कानावर दाबून ऐकलेला आहे. आत कुणी नाही, जवळ कुणी नाही आणि उभी गाडी आपली आपणच बोंबलते आहे, त्या आवाजाचा.

कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धांमध्ये 'अरे आवाज कुणाचा' अशी आरोळी द्यायची पद्धत आहे. उत्तरात आपल्या कॉलेजचे नाव घ्यायचे. उभ्या गाडीच्या बाबतीत याच प्रश्नाचे उत्तर देणे फार अवघड आहे. आवाजाविषयीचे आपले कायदे चाळले तर त्यांनाही ते अवघडच गेलेले दिसते.

आधी जुन्या आवाजांविषयी थोडेसे. माझ्या लहानपणी जळगाव भोंग्यावर चालायचे. खान्देश मिलचा भोंगा झाला की आई दूध तापवायला ठेवी, पुढचा झाला की आम्ही दप्तर घेऊन पळायचो. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली ही गिरणी. तिच्या जागेवर आज स्टेशनजवळचे खान्देश सेंट्रल उभे आहे. नव्या पिढीला मॉल माहीत आहे, भोंगा नाही. अमळनेरला प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप मिल, तिथेही तीच तऱ्हा. भोंग्याचा कुणाला त्रास होत नव्हता असे नाही. रात्रपाळीच्या भोंग्याने दचकून उठणारी तान्ही मुले होतीच. पण तो ठरल्या वेळी होई, ठरलेला वेळ वाजे आणि तो कुणाचा हे शेंबड्या पोरालाही माहीत असे. तक्रार करायची म्हटली तर मिलचे गेट कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होते.

दुसरा आवाज माझ्या नोकरीतला. धुळ्याच्या एका शाखेत मी काही वर्षे काढली. शाखेला चोरघंटा होती, आम्ही तिला सायरन म्हणायचो. एक बटण कॅशियरच्या पायाशी, एक मॅनेजरच्या टेबलाखाली आणि स्ट्राँगरूमच्या दाराला वेगळी वायर. उंदीर, पाल, पावसाळ्यातली ओल, काहीही कारण पुरे. रविवारी पहाटे तीनला सायरन सुरू! पण पुढचे सगळे ठरलेले असे. चाव्या कोणाकडे आहेत त्यांची नावे आणि पत्ते पोलीस ठाण्यात दिलेले असत. शिपाई सायकलवर येऊन दार वाजवायचा, "साहेब, तुमची बँक वाजते आहे." चाव्या दोघांच्या संयुक्त ताब्यात, म्हणून दोघांनीही जायचे, पोलिसांसमक्ष उघडायचे, पाहायचे, सायरन बंद करायचा आणि रजिस्टरला नोंद घ्यायची. चावी हरवलीच तर? तर दुसरा संच लाखेचे सील लावलेल्या पाकिटात दुसऱ्या एका शाखेत ठेवलेला असे, आणि ठराविक काळाने ते पाकीट बदलायचे असा नियम. डिसेंबरच्या पहाटे पांझरेवरच्या गार वाऱ्यात स्कूटर चालवताना मी या पद्धतीला काय काय म्हटले असेल ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण सायरन वाजतोय आणि बंद करायला कुणी आलेच नाही असे माझ्या काळात एकदाही झाले नाही.

हे पाल्हाळ मुद्दाम लावले. त्याचा पुढे संबंध आहे.

आपली सोसायटी झाली तो काळ मारुती ८००, सँट्रो आणि नव्या-नव्या इंडिकाचा. गाडीला सेंट्रल लॉक कंपनीतून क्वचितच येई. गाडी घेतली की बाहेरच्या ॲक्सेसरीच्या दुकानात जायचे, सीट कव्हर, टेप आणि सेंट्रल लॉक बसवून घ्यायचे. त्या लॉकबरोबर रिमोट आणि एक छोटा सायरन येई. बोनेटखाली बसवलेला, मुठीएवढा, पण खोक्यावर शंभराच्या वर डेसिबल छापलेले. हौशी लोक रिव्हर्स हॉर्नही बसवीत. कुणाची गाडी मागे जाताना आरती वाजायची, कुणाची देशभक्तीचे गाणे. सकाळी आठला ऑफिसची वेळ झाली की आपल्या पार्किंगमध्ये बँड पथक आल्यासारखे वाटे. यातले बरेचसे नियमाविरुद्ध होते, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या गावी नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातला नियम ११९ सांगतो की एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न गाडीला लावता येत नाही, तसेच कर्कश, तीव्र, फार मोठा किंवा दचकवणारा आवाज करणारे दुसरे साधनही लावता येत नाही. सवलत रुग्णवाहिका, अग्निशामक दल, पोलीस अशा गाड्यांना. दुकानात मात्र सहा सुरांचा सायरन 'लेटेस्ट' म्हणून मिळे.

या सायरनचे काम कसे चालते ते एका मेकॅनिकने मला समजावून सांगितले होते. आत धक्का ओळखणारा एक छोटा सेन्सर असतो. कुणी काच फोडली किंवा गाडी हलवली तर त्याला कळावे ही कल्पना. पण त्याला चोराचा धक्का आणि ट्रकचा धक्का यातला फरक कळत नाही. आपल्या गल्लीच्या टोकाला महामार्ग, पूर्वीचा सहा नंबरचा. सुरतेकडून नागपूरकडे जाणारा माल सगळा त्यावरून. दिवाळीतला सुतळी बॉम्ब, ढगांचा गडगडाट, बोनेटवर उडी मारणारे मांजर, सगळे त्याच्या लेखी चोर. शिवाय बोनेटच्या झाकणाशी एक बटण असते, त्यात ओल गेली की गाडीला वाटते बोनेट उघडले. उंदराने वायर कुरतडली तर विचारायलाच नको. बरे, एकदा वाजला की अर्धा मिनिट वाजून थांबतो. लोक सुटकेचा श्वास सोडतात, तेवढ्यात पुन्हा सुरू. सलग आवाजाची कानाला थोडीफार सवय तरी होते, याची होत नाही. पुढचा केव्हा वाजेल याची वाट बघण्यातच झोप जाते.

मुंबई-पुण्यात जे आधी झाले ते आपल्याकडे थोडे उशिरा आले एवढेच. तरी सुरुवातीची दहा वर्षे गमतीत गेली. मालक बहुधा घरातच असे. वॉचमन खालून हाक मारी, मालक बनियनवर गॅलरीत येऊन रिमोट दाबी, गाडी 'टुक टुक' करून गप्प. मग एका पावसाळ्यात ती रात्र आली. नावे लिहीत नाही. जुन्या रहिवाशांना ती माहीत आहेत आणि नव्यांना माहीत असण्याची गरज नाही.

शनिवार होता. रात्री साडेअकराच्या सुमारास ए विंगच्या खाली उभी असलेली एक गाडी वाजू लागली. घरचे सगळे सुरतेला लग्नाला गेलेले, फोन बंद. आपले पार्किंग इमारतीखाली, वर स्लॅब, तीन बाजूंनी भिंती. विहिरीत ओरडल्यासारखा आवाज घुमायचा. बारा वाजता वॉचमन माझ्या दाराशी आला. "नाना, गाडी बोंबली राहिनी, काय करू?" बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या आजी हृदयाच्या ऑपरेशनहून पाचच दिवसांपूर्वी घरी आल्या होत्या. त्यांच्या सूनबाई दोनदा खाली येऊन गेल्या. पहिल्यांदा विनंती करायला, दुसऱ्यांदा आल्या तेव्हा रडत होत्या. आजींची छाती धडधडत होती आणि त्या विचारत होत्या की खाली कोण ओरडतंय. एका घरात सीएच्या परीक्षेला बसलेला मुलगा कॉमन पॅसेजमध्ये पुस्तक घेऊन बसला होता, का तर तिथे आवाज थोडा कमी येतो.

एक वाजता आम्ही पोलिसांना फोन केला. मोटारसायकलवर दोघे आले. चांगले होते, उडवाउडवी केली नाही. गाडीचा नंबर लिहून घेतला, मालकाला फोन लावून पाहिला. म्हणाले, "गाडी तुमच्या आवारात उभी आहे, कुणाला अडथळा नाही. काच फोडून आत हात घालायचा म्हणजे उद्या नुकसानीची तक्रार आमच्यावर." चहा घेऊन गेले. शेजारच्या गल्लीतला ऑटो इलेक्ट्रिशियन बोलावला. तोही मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायला तयार होईना, आणि त्याचे बरोबरच होते. बोनेट उघडायचे तर त्याचा खटका आत, ड्रायव्हरच्या पायाशी. म्हणजे पुन्हा दाराशीच आलो.

साडेतीनला एका तरुण सभासदाने ड्रायव्हरच्या बाजूची काच फोडली, बोनेट उघडले आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची वायर सैल केली. सायरन थांबला नाही! त्याच्या पोटात त्याची स्वतःची वेगळी बॅटरी होती. चोराने गाडीची बॅटरी काढली तरी वाजत राहावे म्हणून. शेवटी पक्कडीने सायरनच तोडून काढावा लागला.

सोमवारी मालक परत आले. त्यानंतर जे झाले ते त्या रात्रीपेक्षा वाईट होते. काचेचे पैसे, पोलिसांत अर्ज, तातडीची सभा. सभेत मालकांनी एक वाक्य उच्चारले, ते माझ्या अजून लक्षात आहे. "गाडी माझी, जागा माझ्या नावावर. पण मी तर इथे नव्हतोच, मग आवाज मी केला असं कसं म्हणता?" कुणालाही उत्तर देता आले नाही. सोसायटीच्या उपविधीत शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे सभासदाने काही करू नये असे लिहिलेले आहे, पण 'करू नये' यात 'न करता होणारे' कुठे बसते? दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. तीन दिवाळ्या फराळाची ताटे एकमेकांकडे गेली नाहीत. दोन्ही घरच्या मुली एका बाकावर बसणाऱ्या मैत्रिणी, त्यांनीही शाळेत बाके बदलली. काचेपेक्षा हे नुकसान मोठे होते असे मला वाटते.

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. एका वकील मित्राच्या ग्रंथालयात बसून जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो.

सगळ्यात जुने कलम इंग्रजांचे. भारतीय दंड संहिता १८६० ची, अमलात आली १ जानेवारी १८६२ ला. तिच्या कलम २६८ मध्ये 'सार्वजनिक उपद्रव' कशाला म्हणायचे ते सांगितले होते, आणि त्यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, आसपास राहणाऱ्या लोकांना होणारा त्रासही त्यात धरलेला होता. दोन, केवळ केलेले कृत्यच नव्हे, तर कायद्याने जे करायला हवे ते न करणे हेही त्यात येत होते. म्हणजे 'मी तर इथे नव्हतोच' हे उत्तर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीही पुरेसे नव्हते. पण शिक्षा काय? कलम २९०, दंड जास्तीत जास्त २०० रुपये. १८६२ मध्ये ही रक्कम मोठी होती. पुढे ती जागची हलली नाही. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तोपर्यंत दंड २०० रुपयेच. बँकेतली सवय म्हणून मी आकडेमोड केली. हेच २०० रुपये द.सा.द.शे. चार टक्के चक्रवाढीने ठेवले असते तर १६२ वर्षांत त्यांचे १ लाख १५ हजारांच्या जवळपास झाले असते. नव्या संहितेच्या कलम २९२ प्रमाणे आता दंड १,००० रुपयांपर्यंत आहे. इतकी वाईट मुदत ठेव मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

दुसरा मार्ग फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ चा, आता नव्या संहितेत १५२. उपद्रव दूर करण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे व्यवहारात प्रांतसाहेबांना. हा मार्ग खरा बळकट. तुंबलेल्या गटारांविरुद्ध रतलामच्या नागरिकांनी याच कलमाने आपल्या नगरपालिकेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि १९८० मध्ये जिंकले. पण गटार महिनोन्महिने तुंबलेले असते. प्रांतसाहेबांचा हुकूम येईपर्यंत गाडीची बॅटरी दहा वेळा उतरेल. तिसरे, आपल्या राज्याचा १९५१ चा पोलीस कायदा. त्याच्या कलम ३८ प्रमाणे जिल्ह्यात पोलीस अधीक्षक लेखी हुकूमाने एखाद्या जागेतला वाद्यांचा, उपकरणांचा आवाज बंद करायला सांगू शकतात. तिथेही लेखी हुकूम 'कुणाला तरी' द्यायचा असतो.

आवाज म्हणजे प्रदूषण ही कल्पना कायद्यात यायला मात्र फार उशीर झाला. हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ चा, त्यात आवाजाचा समावेश १९८७ च्या दुरुस्तीने झाला. त्याच सुमारास मुंबईत एका डॉक्टरांनी या विषयाची तड लावायला घेतली होती. डॉ. यशवंत ओक आणि त्यांचे सहकारी १९८५ मध्ये लाऊडस्पीकरच्या आवाजाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. उत्सवांविरुद्ध बोलतो म्हणून अशा माणसाला काय ऐकून घ्यावे लागले असेल त्याची कल्पना करा. स्वतंत्र नियम यायला आणखी पंधरा वर्षे लागली. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, १४ फेब्रुवारी २०००. म्हणजे आपली सोसायटी आणि हे नियम एकाच वर्षाचे, त्यांचाही हा रौप्यमहोत्सवच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा त्यातली. डेसिबलचा हिशोब साधा बेरजेचा नसतो. दहाने वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. ४५ च्या रात्रीत शंभराच्या वरचा सायरन म्हणजे काय ते यावरून ओळखावे.

यानंतरचा मोठा टप्पा १८ जुलै २००५ चा. सरन्यायाधीश लाहोटी आणि न्या. अशोक भान यांनी दिलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. अनिल मित्तल नावाच्या इंजिनिअरने केलेल्या याचिकेवरून तो आला. याचिकेचे निमित्त फार दुःखद होते. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारी लाऊडस्पीकरवर मोठ्याने गाणी चालू असल्याने तिच्या हाका कुणालाच ऐकू गेल्या नाहीत; त्याच दिवशी तिने स्वतःला जाळून घेतले. आवाज हा 'चालायचंच' म्हणून सोडून देण्याचा विषय नाही, हे ज्यांना पटत नाही त्यांना मी ही हकिकत सांगतो. शांतपणे जगणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ऐकायला भाग पाडण्याचा हक्क कुणालाच नाही, असे न्यायालयाने म्हटले. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवण्यावरही त्या निकालाने बंधन घातले.

२०१० च्या दुरुस्तीत हे रात्रीच्या हॉर्नचे बंधन नियमांतच आले. शिवाय खासगी जागेतल्या आवाज करणाऱ्या साधनाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त असता कामा नये, हेही आले. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या पार्किंगला सगळ्यात जवळचा नियम हाच. मात्र कारवाईचा अधिकार जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकाच्या खालचा नसलेला अधिकारी यांना. त्या रात्री मोटारसायकलवर आलेल्या दोघांना दोष देण्यात अर्थ नव्हता तो यामुळे.

ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. त्यात तक्रार करणाऱ्याचे नाव उघड करू नये असे पोलिसांना बजावले. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवाशांच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगितले. वाचायला ही छोटी बाब वाटते, पण सोसायटीत राहणाऱ्याला तिचे मोल कळते. रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार करायची म्हणजे वाईटपणा कुणी घ्यायचा? त्या रात्री सव्वाशे माणसे जागी होती, फोन करायला दीड तास लागला.

इतके सगळे आहे, तरी उभ्या गाडीजवळ आलो की नियम अडखळतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-एफ आले. विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी १,००० आणि पुन्हा केल्यास २,००० रुपये. पण त्यात शब्द आहेत 'वाहन चालवत असताना'. उभी गाडी कोण चालवतो? त्याच कायद्याचे कलम १२७ बेवारस सोडलेली गाडी उचलण्याची परवानगी देते, पण ती सार्वजनिक जागी आणि दहा तास उभी असली पाहिजे. दहा तास! आणि सोसायटीचे आवार सार्वजनिक जागा आहे का, इथे वकिलांचीही दोन मते पडतात. आपला सगळा कायदा आवाजामागे एक माणूस आहे असे धरून चालतो, म्हणजे डीजेवाला, ड्रायव्हर, मंडळाचा अध्यक्ष. माणूसच नसेल तर नोटीस कुणाच्या हातात द्यायची, हे त्यात फारसे कुठे येत नाही.

परदेशात हा प्रश्न आपल्याआधी आला. न्यूयॉर्कमध्ये गाडीचा सायरन तीन मिनिटांत आपोआप बंद झाला पाहिजे असा नियम आहे. ट्रान्सपोर्टेशन अल्टरनेटिव्हज या तिथल्या संस्थेने २००३ मध्ये एक अहवालच काढला, की या सायरनने चोऱ्या थांबत नाहीत, फक्त झोपा मोडतात. मला सगळ्यात पटला तो इंग्लंडचा कायदा. १९९३ मध्ये त्यांनी उपद्रवाच्या कायद्यात रस्त्यावर उभ्या वाहनाच्या आवाजाची भर घातली. मालक सापडत नसेल तर नगरपालिकेचा अधिकारी नोटीस गाडीलाच चिकटवतो. मग पोलिसांना कळवून गाडी उघडतो, गरज पडली तर जोर लावून, आणि आवाज बंद करतो किंवा गाडी उचलून नेतो. पण त्याच्यावरही बंधन आहे. जरुरीपेक्षा जास्त नुकसान करायचे नाही, आणि जाताना गाडी आधी होती तितकीच सुरक्षित करून जायचे. हे वाचले तेव्हा मला थेट धुळ्याची शाखा आठवली. पोलिसांना कळवणे, समक्ष उघडणे, बंद करणे, पुन्हा कुलूप लावणे, नोंद. मालक हजर नसताना कुणी हात लावायचा हे आधीच ठरलेले असले की काच फोडायची आणि नंतर भांडायची वेळ येत नाही.

पुढे युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही, तेही आवाज न करता. आता आपल्याकडच्या नव्या गाड्यांतही ही सोय असते. सायरनची गरज त्यामुळे पुष्कळ कमी झाली आहे, पण बाहेरून बसवलेले जुने सायरन आपल्या पार्किंगमध्ये अजून आहेत, मी मोजले आहेत.

त्या घटनेनंतरच्या वार्षिक सभेत मी बँकेची पद्धत मांडली. पहिल्या वर्षी हसण्यावारी गेली, दुसऱ्या वर्षी मंजूर झाली. प्रत्येक गाडीमागे रजिस्टरला एक पान. त्यावर गाडीचा नंबर, मालकाचा फोन आणि जळगावातच राहणाऱ्या, दुसऱ्या घरातल्या एका माणसाचा फोन. बाहेरगावी मुक्कामाला जाताना गाडीची दुसरी किल्ली सील केलेल्या पाकिटात सोसायटीच्या कार्यालयात ठेवायची, पाकिटावर मालकाची सही. रात्री आवाज सुरू झाला, दोन्ही फोन करून झाले आणि पंधरा मिनिटांत कुणी आले नाही, तर सचिव आणि आणखी एक सभासद यांनी मिळून पाकीट फोडायचे, बोनेट उघडायचे, सायरन काढायचा, गाडीला कुलूप लावून पाकीट पुन्हा सील करायचे. एकट्याने कधीच नाही. तशी लेखी संमती मालकाने आधी दिलेली असली पाहिजे, कारण सोसायटीचा ठराव म्हणजे काही इंग्लंडचा कायदा नव्हे. रजिस्टरच्या पहिल्या पानावर ११२ नंबर, पोलीस ठाण्याचा नंबर आणि तक्रारदाराचे नाव विचारण्याची गरज नाही या निकालाची झेरॉक्स चिकटवली आहे.

आजवर पाकीट चार वेळा फोडले. एकदा उंदीर, दोनदा बोनेटच्या बटणात ओल, एकदा कारण कळलेच नाही. चारही वेळा वीस-पंचवीस मिनिटांत काम झाले. दुसऱ्या खेपेला गाडी त्याच सभासदांची होती ज्यांची काच फुटली होती, आणि पाकीट फोडताना सचिवांबरोबरचा दुसरा माणूस होता काच फोडणारा. नोंदवहीत दोघांच्या सह्या एकाखाली एक आहेत. तोपर्यंत आजी गेल्या होत्या, दुखण्याने नव्हे, वयाने. दोन्ही घरांचे बोलणे आता आहे, पूर्वीइतके नाही.

सध्या एकतीस गाड्यांची संमतीपत्रे कार्यालयात आहेत. दहा गाड्यांची आलेली नाहीत, त्यात भाडेकरूंच्या सहा. 'किल्ली दुसऱ्याकडे कशी ठेवायची' ही शंका रास्त आहे. त्यांनी निदान दुसऱ्या माणसाचा फोन द्यावा आणि बाहेरून बसवलेला सायरन मेकॅनिककडून काढून घ्यावा, अर्ध्या तासाचे काम आहे. पाकिटे दर सहा महिन्यांनी तपासायची असतात, ती या वर्षी रौप्यमहोत्सवाच्या गडबडीत राहिली आहेत. कार्यालय रविवारी सकाळी दहा ते बारा उघडे असते, लाख आणि मेणबत्ती माझ्याकडे आहे.